मागच्या खोलीतलं ‘माने’

चैत्राली वाचायची फार सुरेख. कुठे अडखळणं नाही, कुठे श्वास चुकणं नाही. नागपूरच्या शाळेत परिपाठाला बातम्या वाचायला तिलाच उभं करत. पण वाचून झाल्यावर “काय वाचलंस?” असं कोणी विचारलं, की ती हातातल्या पुस्तकाकडे अशी बघायची, जणू ते तिच्या हातात आत्ताच कोणीतरी ठेवून गेलंय.

हे आईवडिलांच्या लक्षात यायला सातवी उजाडावी लागली. तिच्या वडिलांची, श्यामकांतची बदली कोलकात्यात गार्डन रीचला, रेल्वेच्या मुख्यालयात झाली. क्वार्टर लगेच मिळणार नव्हतं, म्हणून त्यांनी बेहालात एका चारमजली इमारतीत पहिल्या मजल्यावर फ्लॅट भाड्याने घेतला. चैत्रालीची शाळा बदलली, आणि सहामाहीच्या निकालानंतर वर्गशिक्षिकेने तिच्या आईला, वृंदाला बोलावून घेतलं. “मुलगी हुशार दिसते. पण उताऱ्याखालच्या प्रश्नांना ती उताऱ्यातलीच ओळ उतरवून काढते. कुठलीही.”

घरी आल्यावर वृंदाने तिला विज्ञानाच्या धड्यातला परिच्छेद वाचायला सांगितला. चैत्रालीने तो खणखणीत वाचला.

“मग शेतकरी गांडुळाला मित्र का मानतो?”

“तसं लिहिलंय म्हणून.”

वृंदाला हसू आलं आणि लगेच भीती वाटली.

बेहालातच लीला सबनीस राहत. लहानथोर सगळे त्यांना लीलाताईच म्हणत. त्यांचा जन्मच कोलकात्यातला. मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या आणि बोलायला सडेतोड. मराठी मंडळींच्या दिवाळी फराळाला वृंदाची त्यांच्याशी ओळख झाली. वृंदाने सांगितलेलं त्यांनी चकली खात ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “शनिवारी घेऊन या तिला. पुस्तक कुठलंही चालेल.”

शनिवारी त्यांनी आपल्याच कपाटातलं एक गोष्टीचं पुस्तक काढलं आणि चैत्रालीला एकच ओळ वाचायला लावली. ‘म्हाताऱ्याने दार लोटून घेतलं, पण कडी लावली नाही.’

“आता सांग.”

“म्हाताऱ्याने दार लोटून घेतलं, पण—”

“ही पुस्तकाची ओळ झाली. तुझं काय?”

चैत्रालीने पुन्हा पुस्तकात पाहिलं.

“का लावली नाही कडी?”

“ते लिहिलं नाहीये.”

“बरोबर. पुस्तक निम्मंच सांगतं. उरलेलं निम्मं आपण आपल्याला सांगायचं असतं. तू ते सांगतच नाहीस, म्हणून तुझ्या हातात काही उरत नाही. ‘म्हणजे’ म्हण, आणि जे सुचेल ते बोल.”

“म्हणजे...” चैत्राली बराच वेळ थांबली. “म्हणजे कोणीतरी यायचं असेल. आणि त्याला उठून दार उघडायला जमत नसेल.” आणि तिने झटकन वर पाहिलं. आपण बोललो ते खरंच आपण बोललो का, असा तिचा चेहरा झाला होता.

“माझ्याकडे बघू नकोस,” लीलाताई म्हणाल्या. “माझ्याकडे बघून बोललीस, की मला बरं वाटावं म्हणून बोलशील. स्वतःला सांग. मोठ्याने, पण स्वतःला. ओळ वाचायची, थांबायचं, म्हणजे काय ते आपल्या शब्दांत बोलायचं. मागच्या ओळीशी तिचं काय नातं आहे ते बघायचं. आणि कळलं नाही, तर ‘मला हे कळलं नाही’ असंही मोठ्याने म्हणायचं. लाजायचं नाही.”

त्या आठवड्यापासून चैत्राली शाळेतून आली, की मागच्या खोलीत बसून तसा अभ्यास करू लागली. ती खोली लहान होती. खिडकी गल्लीकडे, आणि गल्लीपलीकडच्या छोट्या कारखान्यात दिवसभर पत्रा ठोकण्याचा आवाज. वृंदा स्वयंपाकघरात असायची आणि तिला दाराआडून लेकीचं बोलणं ऐकू यायचं. ओळ, मग थोडी शांतता, मग “म्हणजे...” आधी ते अडखळत होतं. हळूहळू त्यात लय आली. शाळेतल्या चाचणीत चैत्रालीने पहिल्यांदा एक उत्तर स्वतःच्या मनाने लिहिलं आणि शिक्षिकेने त्याखाली दुहेरी रेघ मारली. घरात त्या दिवशी श्रीखंड झालं.

त्याच सुमाराला कधीतरी चैत्रालीने तो शब्द पहिल्यांदा ऐकला.

इतिहासाचा धडा होता. ओळ वाचून ती थांबली, तेवढ्यात कोणीतरी हलकेच म्हणालं, “माने?”

बंगालीत ‘माने’ म्हणजे ‘म्हणजे’. वर्गात दिवसभर कोणी ना कोणी तो शब्द म्हणतच असे, त्यामुळे चैत्रालीला वाटलं, आपल्याच तोंडून निसटला. तिने ओळीचा अर्थ सांगितला आणि पुढची ओळ वाचली. पुन्हा, “माने?” तिने पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, आणि तिला ते बरंही वाटलं. कोणी विचारलं की सांगायला सोपं जातं.

मग एका दुपारी ती तिखटमीठ लावलेला पेरू खात वाचत होती. तोंड भरलेलं होतं, म्हणून ती ओळ मनातच वाचून थांबली. चावायचंही थांबली. आणि खोलीतून आवाज आला, “माने?”

तो आवाज बाईचा होता. म्हाताऱ्या बाईचा. घोगरा, सौम्य, कमी ऐकू येणाऱ्या माणसाने संकोचत पुन्हा विचारावं तसा. तो कपाटाच्या आणि खिडकीच्या मधून, जिथे नुसती भिंत होती तिथून आला.

चैत्रालीने पेरू गिळला. तिला पळावंसं वाटलं नाही. कोणीतरी विचारलं होतं आणि उत्तर तिला येत होतं. तिने उत्तर दिलं.

घरी तिने कोणाला काही सांगितलं नाही. पण पुढच्या शनिवारी लीलाताईंच्या लक्षात आलं. चैत्रालीने उतारा वाचला आणि समजावला, इतका नीट, की लीलाताईंनी चष्मा काढून ठेवला. तिने आगगाडी म्हणजे काय ते सांगितलं. संगणकाचा पडदा म्हणजे काय ते सांगितलं. त्यात चित्रं दिसतात पण आत माणसं नसतात, हेही सांगितलं. आणि शेवटी ती म्हणाली, “कळलं ना?”

“कोणाला सांगत होतीस हे?”

“स्वतःला.”

“तुला आगगाडी माहीत आहे. तुझे बाबा रेल्वेत आहेत. स्वतःला कोणी आगगाडी समजावून सांगत नाही, चैत्राली.”

चैत्रालीने मान खाली घातली. “तिला नीट नाही सांगितलं, तर ती परत विचारते.”

लीलाताईंनी पुढे काही विचारलं नाही. पण संध्याकाळी त्यांनी वृंदाला फोन केला आणि एवढंच म्हणाल्या, “ती अभ्यास करत असताना जरा खोलीच्या आसपास राहा.”

वृंदा राहिली. सोमवारी दुपारी ती वाळलेले कपडे घेऊन खोलीबाहेरच्या बोळकांडीत घड्या घालत उभी राहिली. आतून लेकीचा आवाज येत होता. ओळ. शांतता. “म्हणजे असं की...” पुन्हा ओळ. मग त्या शांततेत, अगदी स्पष्ट, “माने?”

वृंदाच्या हातातला शर्ट तसाच राहिला. तिने दार ढकललं. चैत्राली पलंगावर एकटी मांडी घालून बसली होती. मोबाईल बाहेर जेवणाच्या टेबलावर होता. खिडकी बंद होती.

“आई,” चैत्राली म्हणाली, “तुलाही ऐकू आलं?” आणि ती एकदम रडायला लागली. घाबरून नाही, बरेच दिवस एकटीने ओझं उचलणाऱ्याला दुसरा हात लागावा तसं.

श्यामकांतने ऐकून घेतलं. तो हिशेबखात्यातला माणूस. कशाचीही जुळणी होतेच यावर त्याचा विश्वास. “खालच्यांचा टीव्ही असेल. नाहीतर पाइपमधून आवाज येतो.” रविवारी सकाळी तो स्वतः वर्तमानपत्र घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसला. बराच वेळ काही झालं नाही, कारण तो मनात वाचत होता. मग फोन आला, कार्यालयातल्या कोणाचा तरी. वृंदाला बाहेर ऐकू आलं, श्यामकांत म्हणत होता, “नाही, त्यांचं आता काही खरं नाही.” त्यानंतर तो बोलायचा थांबला. फोनवरचा माणूस “हॅलो, हॅलो” करत राहिला असावा. श्यामकांत बाहेर आला, खुर्चीत बसला आणि पायातली चप्पल उगीचच काढून पुन्हा घातली.

“क्वार्टर मिळेपर्यंत दुसरीकडे कुठेतरी बघू,” तो म्हणाला.

“काय झालं?”

“काही नाही. ‘काही खरं नाही’ म्हणजे काय, ते तिने मला विचारलं.”

पण कोलकात्यात दुसरं घर असं लगेच मिळत नाही, आणि ते मिळेपर्यंत गोष्टी बिघडत गेल्या. चैत्रालीला त्यांनी दिवाणखान्यात अभ्यासाला बसवलं. आवाज तिथेही आला. आधी तो ओळीला यायचा, आता शब्दाला येऊ लागला. ती एक गोष्ट समजावून सांगायची, तर त्या सांगण्यातल्या शब्दाला तो विचारायचा. नदी म्हणजे वाहतं पाणी. वाहतं माने? एका जागी न थांबणारं. थांबणं माने? चैत्राली थकून जायची, पण तिला मध्येच सोडवत नसे. मधेच सोडलं, की तो आवाज रागवायचा नाही, ओरडायचा नाही. तसाच, तेवढ्याच सौम्यपणे, पुन्हा विचारायचा. तेच तिला सहन व्हायचं नाही.

पौषातल्या एका दुपारी वृंदाने तिच्या पुढ्यात ताट ठेवलं. चैत्राली ताटाकडे बघत राहिली.

“जेव ना.”

“आई, वरण म्हणजे?”

“म्हणजे काय? वरण.”

“नाही. वरण म्हणजे काय?” तिने वाटीला बोट लावलं आणि बोट उजेडात धरून पाहिलं. “हे पिवळं आहे ते माहीत आहे. तू म्हणतेस ते वरण. पण म्हणजे काय, ते जात नाहीये आत.”

ती चेष्टा करत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला शब्द ऐकू येत होते, बोलताही येत होते, पण एकेक करून त्यांच्या आतलं निघून चाललं होतं. दुसऱ्याला देत देत तिचं स्वतःचं संपत आल्यासारखं.

वृंदाने ताट झाकलं आणि ती सरळ खाली गेली.

तळमजल्यावर मृणालबाबू राहत, सत्तरी ओलांडलेले, विधुर. ही जागा मूळची त्यांच्या कुटुंबाची. जुनं दुमजली घर पाडून बिल्डरने ही इमारत उभी केली, तेव्हा त्यांना त्यातला एक फ्लॅट मिळाला होता. वृंदाने हिंदीत, जमेल तसं सगळं सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं, हे आता हसतील किंवा रागावतील. मृणालबाबूंनी फक्त विचारलं, “ ‘माने’ कसं म्हणते? शेवटी असं वर जातं का?” आणि त्यांनी म्हणून दाखवलं.

वृंदाने ऐकलेला सूर हाच होता. तिने मान हलवली.

“पिशीमा,” मृणालबाबू म्हणाले. पिशीमा म्हणजे त्यांची आत्या. “जुन्या घरात ती वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला राहायची. तुमची मुलगी बसते, साधारण तिथेच.”

मग त्यांनी सांगितलं. आत्याचा नवरा हेमंत मालवाहू जहाजावर खलाशी होता. तो महिनोन्‌महिने समुद्रावर, म्हणून आत्या माहेरीच असे. एके वर्षी पावसाळ्यानंतर कंपनीचा माणूस दारात आला आणि आत्याला एकच वाक्य बोलला, “जाहाज फेरेनि.” जहाज परतलं नाही. आत्याने विचारलं, “माने?” तो माणूस खाली बघत राहिला. आत्याने भावाकडे वळून विचारलं, “माने?” भाऊ म्हणाला, “होतो कधीकधी उशीर.” त्याला तोंडाने दुसरं म्हणवेना. शेजारी आले, तेही तसंच म्हणाले. कोणालाच तिच्या हातातल्या सौभाग्याच्या शंखाच्या बांगड्या उतरवायला सांगवेना. एक वर्ष गेलं, मग दुसरं. बेपत्ता माणसाचं बारा वर्षांनी कुश गवताचा पुतळा करून क्रियाकर्म करतात. तेही झालं नाही, कारण ते करायचं तर तिला सांगावं लागलं असतं.

“म्हातारी झाली तरी ती प्रत्येकाला विचारायची. कोणी काहीही बोललं, आज बाजारात मासे नाहीत, वीज गेली, की ‘माने?’ आम्ही मुलं तिला चिडवायचो. त्या बांगड्या हातात असतानाच ती गेली.” मृणालबाबूंनी आपले दोन्ही हात पाहिले. “घरात सगळ्यांना अर्थ माहीत होता. तिला तेवढा कोणी सांगितला नाही.”

वृंदाने हे लीलाताईंना सांगितलं. त्या दुसऱ्याच दिवशी दुपारी आल्या. आल्याआल्या त्यांनी चैत्रालीला जवळ घेऊन तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला.

“तिला मराठी कसं कळतं?” वृंदाने विचारलं.

“मराठी कळत नसेल. पण इतक्या वर्षांत या जागेवर पहिल्यांदा कोणीतरी प्रत्येक वाक्यानंतर थांबून ‘म्हणजे’ म्हणत होतं. ते मी शिकवलं.” लीलाताई उठल्या. “आणि अर्धंच शिकवलं. चैत्राली, तू तिला सांगत राहिलीस म्हणून हे संपत नाहीये. दुसऱ्याने सांगितलेलं कोणाला पुरत नाही. तुला तरी कुठे पुरत होतं? तिचं तिला सांगू दे.”

“मी काय करू?”

“कंपनीच्या माणसाने तिला सांगितलेली ओळ म्हण. आणि गप्प बस. तिने विचारलं, की तूच विचार.”

चैत्राली मागच्या खोलीत पलंगावर बसली. लीलाताई खुर्चीवर, वृंदा दाराच्या चौकटीत. मृणालबाबू जिन्याने वर आले होते, पण घरात यायला तयार झाले नाहीत. उघड्या दाराबाहेर कठड्याला धरून उभे राहिले. चारचा सुमार असेल. हिवाळ्यातलं ऊन खिडकीतून तिरपं येऊन पलंगावर पडलं होतं. पलीकडचा कारखाना का कोण जाणे बंद होता.

चैत्रालीच्या हातात पुस्तक नव्हतं. ती भिंतीकडे बघून हळू आवाजात म्हणाली, “जाहाज फेरेनि.”

काहीच झालं नाही. ऊन तसंच होतं. मग कपाटाजवळच्या हवेतून, फार जवळून, आवाज आला, “माने?”

चैत्रालीचे ओठ हलले. सांगायची तिला आता सवयच झाली होती. लीलाताईंनी मान नकारार्थी हलवली. चैत्रालीने तळहात एकमेकांत घट्ट धरले आणि म्हणाली, “माने?”

शांतता.

“माने?” पुन्हा भिंतीकडून. या वेळी त्यात गोंधळ होता.

“माने?” चैत्राली म्हणाली.

बराच वेळ गेला. मग तो आवाज दुसरं काहीतरी बोलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. “देरी होच्छे.”

“उशीर होतोय, म्हणते,” लीलाताई पुटपुटल्या.

“केनो?” चैत्रालीने विचारलं. का?

“झॉड.” वादळ.

“तारपॉर?” मग पुढे?

आवाज बोलू लागला. सावकाश, शब्द शोधत, पाण्याखालून वाट चाचपडणाऱ्या माणसासारखा. लीलाताई वाकून चैत्रालीच्या कानात अर्थ सांगत होत्या आणि वृंदाला तो अर्धामुर्धा ऐकू येत होता. बाकीची जहाजं आली. त्याच वाटेवरची होती, तरी ती आली. आळीतले पुरुष दारात येऊन उभे राहिले, पाणी देऊ केलं तर नको म्हणाले. वहिनी चुलीपाशी रडत होती, मला म्हणाली धुराने डोळे चुरचुरतात. चूल पेटलेली नव्हती. नंतर कोणीतरी त्याची ट्रंक आणून दिली, खिदिरपूर बंदरावरच्या खलाशांच्या खोलीतली. कपडे, आरसा, मी दिलेली शाल.

इथे आवाज थांबला. चैत्रालीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण ती भिंतीकडेच बघत होती.

“माने...” आवाज म्हणाला.

वृंदाला आधी कळलं नाही काय बदललं ते. मग तिच्या लक्षात आलं, तो शब्द या वेळी शेवटी वर गेला नव्हता. विचारणं नव्हतं त्यात. चैत्राली धडा समजावताना सुरुवातीला म्हणायची, तसा तो शब्द होता.

“माने... जो माणूस परत यायचा असतो, त्याची ट्रंक कोणी घरी आणून देत नाही.” लीलाताई चैत्रालीच्या कानात सांगत होत्या. “माने, वहिनीला माहीत होतं. दादाला माहीत होतं. माने...”

आणि मग तो आवाज स्वतःशीच, अगदी साधेपणाने, म्हणाला, “मानुषटा नेई.”

त्याचा अर्थ लीलाताईंनी सांगितला नाही. माणूस नाही. तिघींनाही कळलं होतं.

त्यानंतर जमिनीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. कोरडा, हलका. बांगडी फोडल्याचा नव्हे. हातातून काढून अलगद ठेवल्याचा. मग तसाच दुसरा. फरशीवर उन्हाशिवाय काही नव्हतं. बाहेर जिन्यात मृणालबाबू पायरीवर बसले होते आणि त्यांनी तोंड धोतराच्या सोग्यात लपवलं होतं.

चैत्राली त्या दिवशी संध्याकाळी झोपली ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठली. शब्द लगेच परत आले नाहीत. काही दिवस ती ‘जिना’ किंवा ‘साबण’ म्हणताना क्षणभर थांबायची, आत काही आहे का ते चाचपून बघायची, आणि मगच पुढे बोलायची. पण रोज थोडे जास्त शब्द भरलेले सापडायचे.

त्याच खोलीत तिने वार्षिक परीक्षेचा अभ्यास केला. वृंदाला ते नको होतं. चैत्रालीनेच हट्ट धरला. आता खोली नुसती खोली होती. पहिले काही दिवस ती ओळ वाचून थांबायची आणि तशीच थांबून राहायची. कोणी विचारत नव्हतं. मग तिला स्वतःच विचारावं लागायचं. ते जास्त अवघड आहे असं तिने लीलाताईंना सांगितलं.

“अवघड असणारच,” लीलाताई म्हणाल्या. त्यांनी त्या दुपारनंतर आपल्याकडे शिकायला येणाऱ्या बाकीच्या मुलांना एक नवी गोष्ट सांगायला सुरुवात केली होती : समजावून झालं, की तिथेच थांबायचं, पुस्तक मिटायचं, उठायचं आणि पाणी प्यायचं. का, असं मुलं विचारत. त्या सांगत नसत.

गार्डन रीचला क्वार्टर मिळालं, पण परीक्षा होईपर्यंत श्यामकांतने घर बदललं नाही. मागच्या खोलीत तो मात्र नंतर कधी बसला नाही. सामान हलवायच्या आधी, फाल्गुनातल्या अमावास्येला, मृणालबाबूंनी हेमंत आणि पिशीमा दोघांचं क्रियाकर्म करायचं ठरवलं. घरचं दुसरं कोणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी वृंदाला आणि चैत्रालीला बरोबर यायला सांगितलं. लीलाताईही आल्या.

गंगेच्या घाटावर सकाळची गर्दी होती. पुरोहिताने कुशाचा छोटा पुतळा बांधून ठेवला होता. त्याने मृत्यूची तिथी विचारली.

“माहीत नाही,” मृणालबाबू म्हणाले.

“मग अमावास्याच चालेल. नाव सांगा.”

मृणालबाबूंनी हेमंतचं नाव सांगितलं. पुरोहिताने नावाआधी ‘स्वर्गीय’ लावून पुन्हा म्हणायला सांगितलं. ते म्हणताना मृणालबाबू अडखळले. त्या घरात तो शब्द त्या नावाआधी कोणी कधी उच्चारलाच नव्हता. चैत्राली त्यांच्या शेजारी उभी होती. तिने त्यांना काही विचारलं नाही, काही सांगितलंही नाही. ते पुन्हा प्रयत्न करेपर्यंत ती थांबून राहिली, आणि दुसऱ्या खेपेला त्यांनी ते नाव पूर्ण म्हटलं.

घाटाच्या पायऱ्या चढताना त्यांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला. वर येऊन सगळ्यांनी मातीच्या भांड्यांतून चहा घेतला.